दोन भाषांमुळे मूल बोलत नाही?

"घरात मराठी, दारात कानडी; पोर गोंधळली, म्हणून बोलत नाही. एकच भाषा ठेवा." ऑटिझम असलेल्या मुलीच्या आईबापाला बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा सल्ला हमखास मिळतो, कधी शिकल्यासवरलेल्यांकडूनही. तो चुकीचा आहे. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक. भाषांच्या संख्येनं तो होत नाही. एकभाषी आणि द्विभाषी ऑटिस्टिक मुलांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. दुसऱ्या भाषेमुळे मुलं आणखी मागे पडलेली दिसली नाहीत.

नुकसान होतं ते भाषा तोडल्यानं. आजीला मराठीच येते. एकच भाषा म्हणून इंग्रजी ठेवली, तर तिनं नातीशी मोडक्या इंग्रजीत बोलायचं? (बोलली तर घराची करमणूक, एवढंच.) आमची लेक पाच वर्षांची. पाणी मराठीत मागते, पण भात नको असला की शेजारच्या अक्कांचं ऐकून "साकु" म्हणते, म्हणजे पुरे. हे जमल्यापासून ताट ढकलणं बरंच कमी झालंय.

स्पीच थेरपी मात्र टाळू नका, आणि ती घरच्या भाषेत मिळते का ते आधी विचारा. चित्रकार्डांमुळे (चित्र दाखवून हवं ते सांगायची कार्डं) मूल बोलायचा आळस करतं, ही समजूतही तितकीच पोकळ.