स्तनांच्या कर्करोगावरील उपचार आणि सामाजिक विषमता

स्तनांचा कर्करोग झालेल्या स्त्रीला निदान केव्हा मिळते, उपचार कुठे मिळतात आणि ते पुरे होतात की अर्ध्यावर सुटतात, हे गाठीच्या स्वरूपाइतकेच तिचे उत्पन्न, शिक्षण, जात, गाव आणि घरातले स्थान यांवर ठरते. या नोंदीत हा प्रश्न मुख्यतः भारताच्या, त्यातही महाराष्ट्राच्या संदर्भात मांडला आहे.

जगात २०२२ साली सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतातले त्या वर्षीचे अंदाज १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असे आहेत. म्हणजे जगात साडेतीन रुग्णांमागे एक मृत्यू, तर भारतात दोघींमागे एक. रोग दोन्हीकडे तोच आहे. फरक पडतो तो उशिराने.

रोग होण्याचे प्रमाण मात्र उलट्या दिशेने जाते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ते जास्त, खेड्यांत कमी. उशिरा लग्न, उशिरा पहिले मूल, कमी बाळंतपणे, अंगावर कमी काळ पाजणे आणि वाढते वजन ही त्याची ठाऊक असलेली कारणे. मुंबईतल्या पारशी स्त्रियांमध्ये हे प्रमाण जास्त असल्याचे फार पूर्वी नोंदले गेले आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. तिथले प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. यावरून ‘हा शिकल्या-सवरलेल्या बायकांचा आजार’ अशी समजूत पसरली. ती खेड्यातल्या बाईला महागात पडते, कारण तिच्या गाठीकडे त्या संशयाने कुणी पाहतच नाही.

निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २०१०–१४ या काळात अमेरिकेत ९० टक्के, तर भारतात ६६ टक्के होते. देशातल्या देशातही मोठी दरी आहे. अकरा नोंदणी केंद्रांच्या पाहणीत मिझोराममध्ये हे प्रमाण सुमारे ७५ टक्के आढळले, तर अरुणाचलातल्या पासीघाटमध्ये अवघे ४२ टक्के. जातीनिहाय आकडे नियमितपणे प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त स्त्रियांचे काय होते हे गाव आणि उत्पन्न यांच्या आकड्यांआड दडून राहते.

उशिराची सुरुवात घरातच होते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही ते दाखवायचे नाही हा कष्टकरी घरातला साधा हिशेब. अंगावर पाजणारी असेल तर ‘दुधाची गाठ आहे, जिरेल’ असे म्हटले जाते. तपासायला पुरुष डॉक्टर असेल ही धास्ती असतेच. त्यात एसटीचे भाडे नवऱ्याकडून मागायचे आणि त्याच्या किंवा सासूच्या सवडीने निघायचे. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का, आकार बदलला आहे का, असे थेट प्रश्न आहेत. पण हे प्रश्न ओटीवर विचारले जातात आणि ओटीवर सासरे बसलेले असतात. उत्तर ‘नाही’ येते आणि रकाना भरला जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्कासुद्धा स्त्रियांची कधी स्तनतपासणी झालेली नव्हती.

दुसरा उशीर दवाखान्यात होतो, आणि त्याची चर्चा कमी होते. तालुक्याच्या गावी सुईने तुकडा न तपासता गाठच ‘काढून टाकली’ जाते. कधी ती तपासणीला जातच नाही, कधी फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणाऐवजी सलाइनमध्ये ठेवल्याने खराब होते. मग बाई मोठ्या रुग्णालयात पोचते तेव्हा रोग कोणत्या प्रकारचा होता हे सांगणारा पुरावाच हाती नसतो. ज्यांचा तुकडा नीट ठेवला गेला, त्यांचे नातेवाईक तो तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या पाकिटात घालून, औषधाच्या पिशवीत जपत रेल्वेने मुंबईला आणतात. त्या ठोकळ्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि ‘ब्लॉक आणलाय का?’ हा त्यांच्या कानी पडणारा नेहमीचा प्रश्न.

हा उशीर स्वस्तात कमी करता येतो का, याचा सर्वांत मोठा प्रयोग मुंबईतच झाला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी केली. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची, यंत्रे नव्हती. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे रोग वाढल्यावरच्या, टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर नुसती माहिती दिलेल्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्या स्त्रियांत घट दिसली नाही. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर गाठतो, म्हणून ही मर्यादा बोचते. ज्या वस्त्यांना नुसती माहिती दिली गेली, तपासणी नाही, त्यांच्यावरून नैतिक वादही झाला. तो अस्थानी नव्हता: गरीब बाई उपचारांच्या रांगेत मागे असते, प्रयोगात मात्र पुढे.

गोव्यात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या २०२१ च्या मोहिमेत हातात धरायच्या छोट्या उपकरणाने एक लाख स्त्रिया तपासण्याचे लक्ष्य ठेवले गेले.

निदान झाले की अंतर आडवे येते. किरणोपचाराची यंत्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत. स्तन राखून फक्त गाठ काढायची, तर पुढे किरणोपचार जवळजवळ अटळ. रुग्ण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. पूर्वी हा शेक पाच आठवडे चाले, आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा देतात. तेवढे दिवस शहरात राहणे जमणार नसेल तर पूर्ण स्तन काढण्याला होकार दिला जातो. कागदावर ती ‘रुग्णाची निवड’ असते. परळच्या रस्त्यांवर टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबे दिसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला ७५ टक्के. बुडालेल्या मजुरीला सवलत नाही.

महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांपुरती असलेली ही योजना आता सर्व कुटुंबांसाठी आहे, आणि २०२४ पासून संरक्षण पाच लाख रुपयांचे. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार तीत बसतात. पण योजनेचे दार उघडते ते निदान हाती आल्यावर. त्याआधीची मॅमोग्राफी, तुकडा तपासणी आणि येरझाऱ्या बहुधा पदरच्या खर्चाने होतात.

बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रीचे उदाहरण घ्यावे. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली; ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, काम दोघांनी मिळून करायचे. केमोची फेरी दर २१ दिवसांनी. एक दिवस फडावर न गेले तर खाडा लागतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. अशा घरात दोन फेऱ्या झाल्या आणि गाठ लहान झाली की ‘बरं वाटतंय’ म्हणून पुढच्या फेऱ्या सुटतात. याच स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणजे शस्त्रक्रिया त्यांच्यापर्यंत पोचत नाही असे नाही. पोचते ती नको असलेली.

औषधांची किंमत ही आणखी एक पायरी. हर-टू प्रकारच्या (गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) रोगावरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध सुमारे वर्षभर घ्यावे लागते. रोश कंपनीने २०१३ मध्ये भारतातला पेटंटचा दावा सोडला, पुढच्याच वर्षी बायोकॉनचे तत्सम औषध बाजारात आले आणि किंमत उतरली. २०२४ मध्ये त्याच कुळातल्या नव्या औषधाचे आयात शुल्क माफ झाले. तरी ते सामान्य घराच्या आवाक्यात आलेले नाही. उलट टोकाला संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठीसाठीचे टॅमॉक्सिफेन आहे. काही रुपयांची गोळी, पण पाच वर्षे रोज घ्यायची. इथे किमतीपेक्षा गोळी संपल्यावर पुन्हा तालुक्याला जाण्याचा फेराच जास्त आड येतो.

ही विषमता श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, निदान ६० दिवसांत व्हावे आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत, असे लक्ष्य ठेवले आहे.

उपचार संपल्यानंतरचा भाग आकड्यांत येत नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून घरी सोडताना ‘या हाताने जड उचलू नका’ असे बजावले जाते. ज्या घरात नळ आहे तिथे ही सूचना पाळता येते. विहिरीवरून पाणी आणणारी बाई हंडा दुसऱ्या कमरेवर घेते.