जपानी निसर्गचित्रांचे लाकडी ठसे : मूळ प्रत कोणती?

जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘कानागावाची महालाट’ या लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्राच्या प्रती जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. मात्र त्यांतली मूळ कोणती, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवले जाई आणि कोरणारा कारागीर त्या कागदासकट लाकूड कोरत असे, म्हणजे ठसा घडतानाच हाताने काढलेले चित्र नाहीसे होई. रंगांचे ठसे वेगळे कोरले जात. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा ठेवत. भांडवल प्रकाशकाचे असे, आणि किती प्रती काढायच्या तेही तोच ठरवी.

एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, अशी चित्रे पूर्वीपासून खपत होती. पण त्यांत भाव होता तो रंगभूमीवरच्या नटांना आणि गणिकांना, निसर्ग बहुतेक मागे पडद्यासारखा असे. 1830 च्या सुमारास हे पालटले. तीर्थयात्रेच्या निमित्ताने सामान्य माणसेही प्रवासाला निघू लागली होती, आणि बर्लिनमध्ये शोध लागलेला गडद निळा रंग आयातीमुळे स्वस्त झाला होता. सहज विटणाऱ्या जुन्या वनस्पतिजन्य निळ्याच्या जागी हा रंग आल्यावर पाणी आणि आकाश यांनाच चित्राचा विषय करता आले. सत्तरीच्या होकुसाईची ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ इतकी चालली की आणखी दहा चित्रे जोडावी लागली. चित्रे 46 झाली, नाव मात्र छत्तीसच राहिले. पाठोपाठ 1833-34 मध्ये एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरील मुक्कामांची हिरोशिगे या चित्रकाराची मालिका आली. 1842 मध्ये सरकारने नट-गणिकांच्या चित्रांवर निर्बंध घातले, त्याचाही फायदा निसर्गचित्रांनाच झाला.

मागणी असेपर्यंत छपाई चालू राही आणि ठसे झिजत जात. ‘महालाटे’च्या डाव्या कोपऱ्यातील शीर्षकाच्या चौकटीची रेघ सुरुवातीच्या प्रतींत अखंड, तर नंतरच्या प्रतींत तुटलेली दिसते. हिरोशिगेच्या क्षितिजावर छापणारा ओल्या फळीवर हाताने रंग पुसत पुसत जी छटा उतरवी, तीही घाईच्या पुनर्मुद्रणात अनेकदा गाळली जाई. त्यामुळे एकाच ठशाच्या दोन प्रतींत संध्याकाळ आणि दुपार इतका फरक पडू शकतो.

मेइजी काळात (1868-1912) छायाचित्रे आणि शिळाछापामुळे हा धंदा मंदावला. याउलट युरोपात या चित्रांचे वेड पसरले. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगेची दोन चित्रे तैलरंगात उतरवली, तीही एका अर्थी पुनरावृत्तीच. परदेशी ग्राहकांसाठी जुन्या प्रतींवरून नवे ठसे कोरण्याचा व्यवसाय उभा राहिला, आणि त्यातले चांगले काम इतके नेमके होते की जाणकारही फसत. वातानाबे शोझाबुरो हा प्रकाशक याच व्यवसायातून पुढे आला आणि त्याने हयात चित्रकारांना हाताशी धरून ‘शिन-हांगा’, म्हणजे नवी ठसाचित्रे, ही चळवळ उभी केली. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याचे दुकान व ठसे जळाले, आणि याच चळवळीतला चित्रकार कावासे हासुइ याच्या रेखाटनवह्याही गेल्या. म्हणूनच हासुइच्या भूकंपापूर्वीच्या प्रतींना आज मोठी किंमत येते.

चित्रकार योशिदा हिरोशीने मात्र प्रकाशकावर विसंबणे सोडून स्वतःच कारागीर नेमले. 1930-31 मध्ये तो भारतात आला. ताजमहालाबरोबर अजिंठाही त्याच्या मालिकेत आहे. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासावर तो ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेले’, अशी मोहोर उमटवी. 1950 मध्ये तो वारल्यावर त्याच ठशांवरून निघालेल्या प्रतींवर ही मोहोर नाही. लाकूड तेच, रेषा त्याच, पण बाजारभावात मोठे अंतर.

ऑफसेटवर छापलेली नक्कल ओळखणे त्या मानाने सोपे आहे. भिंगाखाली तिच्यात रंगाचे बारीक ठिपके दिसतात. ठशावरची प्रत उलटून पाहिली, तर रंग कागदात मुरून मागच्या बाजूपर्यंत झिरपलेला असतो, आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने छापणाऱ्याने कागद घासल्याचे गोलाकार वळ काही वेळा तिरप्या उजेडात दिसतात.