‘बेजार’ या एका शब्दात काय काय: भावनांना नाव देण्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘काय झालंय?’ विचारलं की ‘बेजार झालंय’ हे उत्तर ठरलेलं. शब्द मूळचा फारसी. मराठीत बेजार म्हणजे त्रासून गेलेला, कन्नडात ‘बेजारु’ म्हणजे कंटाळा, नाराजी, वाईट वाटणं, सगळंच. दोन्ही भाषा बोलणाऱ्याच्या तोंडी हे अर्थ एकमेकांत मिसळतात आणि माणूस नक्की कशानं अस्वस्थ आहे ते त्याचं त्यालाही कळत नाही.

भावनांची बारीक मोजदाद आपल्याकडे जुनी आहे. नाट्यशास्त्र या नाट्यकलेवरच्या प्राचीन ग्रंथात 8 स्थायी (टिकून राहणारे), 33 व्यभिचारी (येणारे-जाणारे) आणि 8 सात्त्विक असे 49 भाव आहेत. त्यात क्रोध आहे आणि अमर्षही आहे. विद्या, पैसा किंवा सत्तेनं वरचढ असलेल्यानं अपमान केला की जो संताप येतो, तो अमर्ष. भाव लपवण्यालाही ‘अवहित्थ’ असं नाव आहे! घाम, कंप, स्वरभंग ही शरीराची लक्षणं सात्त्विक भावांत मोडतात. अर्थात ही यादी नटासाठी होती, स्वतःला ओळखण्यासाठी नव्हे.

तो वापर विसाव्या शतकातला. भावनांना शब्दच न सापडण्याच्या अवस्थेला 1970च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी ‘अलेक्सिथायमिया’ म्हटलं. 1986 मध्ये पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं मनातलं लिहायला लावलं. सर्वांत क्लेशकारक प्रसंग त्यातल्या भावनांसकट लिहिणाऱ्यांना लगेच जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. 2007 मध्ये लीबरमन यांच्या गटानं मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं, की रागीट किंवा घाबरलेल्या चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या भागाची, खळबळ उतरते.

भावना ओळखायला मिळणारे शब्दांचे तक्ते बहुतेक इंग्रजीतले. त्यांच्या भाषांतरात ‘दुःखी, चिंताग्रस्त, निराश’ असे पुस्तकी शब्द येतात, जे घरात कुणी बोलत नाही. आपल्याकडे हुरहूर, रुखरुख, घालमेल, धास्ती, चडफड, खंत आहेत. कन्नडातला ‘होट्टेकिच्चु’, म्हणजे पोटातली आग, हा मत्सरासाठी आमच्या मते जळफळाटापेक्षा नेमका आहे. आपल्या भावनांची नोंद ठेवायची तर शब्दांची यादी दोन्ही भाषांतून घ्यावी, पण सारख्या दिसणाऱ्या शब्दांत फसू नये: मराठीत ‘संकट’ बाहेरून येतं, कन्नडात ‘संकट’ म्हणजे जिवाची तळमळ.

अशा नोंदींच्या वहीत पाच रकाने पुरतात: वेळ, काय घडलं, शरीरात कुठे, शब्द, 0 ते 10 तीव्रता. दिवसातून तीनदा, दोन आठवडे. शहापूर-वडगावच्या एखाद्या विणकराची ‘संध्याकाळी 6, बेजार, 7’ ही नोंद निरुपयोगी. तीच ‘संध्याकाळी 6, व्यापाऱ्यानं चारचौघांत साडीला नावं ठेवून दर पाडला, घशात आवंढा, अपमान 7, हप्त्याची धास्ती 4’ अशी झाली की दोन गोष्टी सुट्या होतात. हप्त्याचा हिशेब मांडता येतो. अपमानाचं हिशेबानं काही होत नाही, ते त्या व्यापाऱ्याशीच बोलावं लागतं.

बिघडतं ते बहुतेक ‘वाटणे’ या क्रियापदापायी. ‘मला वाटलं तो मुद्दाम करतोय’ हा विचार झाला, भावना नव्हे. कन्नडातलं ‘अनिसु’ही असंच दोन्हीकडे चालतं. म्हणून शब्दाच्या रकान्यात वाक्य लिहूच नये. दुसरी चूक म्हणजे सगळं रात्री एकदम लिहिणं, कारण तोवर शेवटचा प्रसंग आख्ख्या दिवसाला आपला रंग देतो. आणि एकाच नोंदीवर पानंच्या पानं भरू लागली तर ते कुढणं झालं. तिथे पेन खाली ठेवावं.

दोन आठवडे तोच शब्द, तोच मोठा आकडा आणि सोबत झोप-भूक गेलेली असेल तर वही पुरत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 वर मोफत आहे. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. ‘बेजार’ फोडून सांगायला जी सोपी पडेल ती निवडावी.