सुरुंगांच्या पाच रांगा आणि दुमजली पाणी

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक. त्याच्या मानपत्रांत शत्रूच्या तोफा असतात, संगिनी असतात. लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुकच्या डिसेंबर 1914 मधल्या मानपत्रात मात्र सगळ्यात आधी पाणी येतं. पहिल्या महायुद्धात शत्रूपक्षातल्या तुर्कस्तानच्या डार्डानेल्स सामुद्रधुनीचा प्रवाह अतिशय अवघड असूनही त्याने पाणबुडी सुरुंगांच्या पाच रांगांखालून नेली, असं त्यात म्हटलंय. मानपत्र लिहिणाऱ्याने नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं.

होलब्रुकचा जन्म 1888 चा, पोर्ट्समथजवळच्या साउथसीचा. तो नौदलात शिरला तेव्हा ब्रिटनची पाणबुडी शाखा जेमतेम काही वर्षांची होती. त्यांची पहिली पाणबुडी 1901 मध्ये पाण्यात उतरली. जुन्याजाणत्या नौसेनाधिकाऱ्यांना हा चोरटा, तेलकट प्रकार पसंत नव्हता. त्यामुळे पंचविशीतल्या पोरांच्या हाती अख्खी बोट यायची. होलब्रुकच्या वाट्याला आली ती ‘बी 11’: लांबी 43 मीटर, माणसं 16, पृष्ठभागावर पेट्रोलचं इंजिन आणि पाण्याखाली बॅटरीवरची मोटर. बंद पोलादी नळकांड्यात पेट्रोलचं इंजिन ठेवायची कल्पना आज अंगावर काटा आणते. त्या काळच्या बोटींत पेट्रोलच्या वाफेने खलाशी दारू प्यायल्यासारखे झिंगत. 1914 पर्यंत ही बोट जुनाट झाली होती. पण तिच्या बॅटऱ्या नुकत्याच बदललेल्या होत्या. डार्डानेल्सच्या मोहिमेसाठी तिची निवड झाली ती त्यामुळेच.

बॅटरीला एवढं महत्त्व का, ते प्रवाहाकडे पाहिलं की कळतं. काळ्या समुद्रात डॅन्यूब, नीपरसारख्या मोठ्या नद्या गोडं पाणी ओततात. हे जास्तीचं पाणी मार्मारा समुद्रातून डार्डानेल्सच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत शिरतं आणि एजियन समुद्राकडे धावतं. अरुंद भागात त्याचा वेग 4-5 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी 7-9 किलोमीटरपर्यंत जातो. बी 11 चा पाण्याखालचा कमाल वेग होता 6 नॉट. बरं, जोर लावून सुटावं म्हटलं तर पाण्यात वेग दुप्पट करायला साधारण आठपट शक्ती लागते. बॅटरी बघता बघता संपणार, आणि ती भरायची तर वर येऊन इंजिन चालवायचं, तेही दोन्ही काठांवर तुर्की तोफा असताना.

पण खरी गंमत खाली आहे. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी जास्त खारट आणि जड. ते तळाजवळून उलट दिशेने, काळ्या समुद्राकडे सरकत असतं. म्हणजे सामुद्रधुनीत एकावर एक दोन नद्या, तोंडं विरुद्ध दिशांना! इस्तंबूलजवळच्या बॉस्फरस सामुद्रधुनीतला असाच प्रकार इस्तंबूलच्या कोळ्यांना ठाऊक होता. त्यांच्याकडून ऐकून लुइजी मार्सिली या इटालियन तरुणाने 1680 च्या सुमारास दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून पाण्यात सोडले. वरचे एकीकडे वाहिले, खालचे दुसरीकडे. पुढे एका टाकीत मधे पडदा घालून हलकं आणि जड पाणी शेजारी ठेवून त्याने त्याचं कारणही दाखवलं.

आता या दुमजली पाण्यात पाणबुडी घाला. बुडालेली बोट एका पातळीवर राहायची तर तिचं वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तंतोतंत जुळावं लागतं. बी 11 बुडालेली असताना सुमारे 316 टन पाणी बाजूला सारी. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या घनतेत फरक जेमतेम एक टक्का. पण 316 टनांचा एक टक्का म्हणजे तीन टन! सुरुंग टाळायला होलब्रुक 80 फुटांवर उतरला, की जड पाणी बोटीला बुचासारखं वर ढकलणार, नेमकं सुरुंगांकडे. पेरिस्कोपमधून पाहायला वर यावं, तर बोट एकाएकी तीन टनांनी जड. दर वेळी टाक्यांत पाणी घ्यायचं नाहीतर सोडायचं, आणि तेही अंदाजाने.

13 डिसेंबरला पहाटे तो आत शिरला. सुरुंगांपलीकडे ‘मेसुदिये’ ही जुनी तुर्की युद्धनौका पहाऱ्याला होती. बांधणी लंडनची, 1874 सालची. एका टॉर्पेडोने ती दहाएक मिनिटांत कलंडली. तिच्यावरची 37 माणसं गेली. परतताना बी 11 उथळ पाण्यात रुतली आणि तोफांच्या तोंडी सापडली. त्यात होकायंत्राची भिंग धुरकट झालेली, दिसेना काही. तळ खरवडत, पेरिस्कोपमधून उघडा समुद्र हेरत त्याने बोट बाहेर काढली. एका दमात नऊ तास पाण्याखाली!

व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला पाणबुडी अधिकारी ठरला. बोटीवरच्या प्रत्येकाला पदक मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या जर्मनटन गावाला युद्धात स्वतःचं नाव नकोसं झालं होतं. 1915 मध्ये ते ‘होलब्रुक’ झालं. समुद्रापासून दूरच्या त्या गावातल्या बागेत आज ‘ओटवे’ पाणबुडीचा वरचा सांगाडा गवतात मांडून ठेवलाय. होलब्रुक 1976 मध्ये वारला, अठ्ठ्याऐंशी पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी असताना.

बी 11 च्या मोहिमेनंतर पुढच्याच वर्षी, 1915 मध्ये, त्याच वाटेने मार्मारा समुद्रात पोहोचलेल्या पाणबुड्यांनी या दुमजली पाण्याचा वेगळाच उपयोग शोधला. वरच्या पाण्यात बुडेल पण खालच्यात तरंगेल इतकंच वजन बोटीचं ठेवायचं आणि मोटर बंद करायची. बोट दोन थरांच्या सीमेवर गादीवर टेकावी तशी टेकून राही. बॅटरी वाचे आणि खलाशी झोप काढत.