माउंटन गोरिला अजून आहेत ते कुणामुळे? मागची सव्वाशे वर्षं थोडक्यात

नोव्हेंबर २०१८ मध्ये आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, माउंटन गोरिलाला 'अतिसंकटग्रस्त' मधून काढून 'संकटग्रस्त' मध्ये टाकलं आणि तेव्हापासून "गोरिला वाचले" असं सगळीकडे फिरतंय. बातमी आनंदाचीच आहे. गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान या सगळ्यांत संख्या वाढतेय अशी ही एकटीच. पण वाढून झाले किती, तर १,०६३! रवांडा, युगांडा आणि काँगो (काँगो रिपब्लिक नव्हे, त्याच्या शेजारचा मोठा डेमोक्रॅटिक रिपब्लिक) यांच्या सीमेवरच्या विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांत ६०४ आणि युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात ४५९, बस्स, याच्याबाहेर जगात कुठंही नाहीत, एकाही प्राणिसंग्रहालयात नाहीत. मैसूरच्या झूमध्ये आहेत ते पश्चिमेकडच्या सखल जंगलातले, वेगळे. त्यांची संख्या लाखांत आहे पण घटतेय, शिकारीमुळे आणि इबोलामुळे, एकट्या काँगो रिपब्लिकच्या लोसी भागात २००२-०३ च्या साथीत सुमारे पाच हजार गोरिला गेले असावेत असा अंदाज आहे. नायजेरिया-कॅमेरून सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला तर तीनशेसुद्धा नाहीत. म्हणजे सरसकट "गोरिला वाचले" म्हणणं चूकच आहे, वाढले ते फक्त डोंगरातले, आणि ते कसे वाढले हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

बाहेरच्या जगाला हा प्राणी कळला तोच बंदुकीतून. १९०२ मध्ये फॉन बेरिंगे नावाच्या जर्मन कॅप्टनने विरुंगातल्या साबिन्यो डोंगरावर दोन गोरिला मारले, एकाचे अवशेष बर्लिनला गेले आणि पुढच्याच वर्षी त्याच्याच नावावरून जातीचं शास्त्रीय नाव ठरलं. मग म्युझियमवाले, शिकारी, हौशी सरदार यांची रांग लागली. १९२१ मध्ये कार्ल एकली न्यूयॉर्कच्या म्युझियमसाठी आला, त्याच्या मोहिमेत पाच गोरिला मारले गेले, पण परत गेला तो वेगळाच विचार घेऊन, आणि बेल्जियमच्या राजाच्या (हा भाग तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होता) मागे लागला की हे डोंगर राखून ठेवा. त्यातून १९२५ मध्ये आल्बर्ट नॅशनल पार्क झालं, आफ्रिकेतलं पहिलं. तेच पुढे काँगोतलं विरुंगा आणि रवांडातलं व्होल्कॅनोज असं विभागलं गेलं.

कागदावर पार्क झालं म्हणून जंगल वाचत नाही. १९५९-६० मध्ये जॉर्ज शालर या प्राणिशास्त्रज्ञाने वर्षभर तिथं राहून अभ्यास केला तेव्हा विरुंगात साधारण साडेचारशे गोरिला असावेत असा त्याचा अंदाज होता. साठच्या दशकाच्या शेवटी रवांडाने पार्कची जवळजवळ दहा हजार हेक्टर जमीन काढून शेतीला दिली, तीही कशासाठी तर पायरेथ्रमसाठी. हे शेवंतीच्या कुळातलं फुलझाड, त्यापासून कीटकनाशक बनतं, युरोपातून पैसा आला, कुटुंबं वसवली गेली. जंगल कापत कापत डोंगराच्या वरच्या थंड पट्ट्यापर्यंत गेलं. त्या शेतकऱ्यांना तरी दोष काय द्यायचा, सरकारने जमीन दिली त्यांनी कसली. पण गोरिलांची जागा गेली ती गेलीच.

गोरिलांचा अभ्यास करणारी अमेरिकन डायन फॉसी १९६७ मध्ये आली, काँगोत गडबड झाल्यावर तिकडून निघून रवांडात कारिसिम्बी आणि विसोके या दोन डोंगरांच्या मधे तिने कॅम्प टाकला, दोन्ही नावं जोडून कारिसोके. तिच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय त्यामुळे इथं थोडक्यात. खरा शत्रू होता फासे. शिकारी फासे लावायचे हरणासाठी, डुईकर या छोट्या हरणासारख्या जनावरासाठी, पण त्यात गोरिलाचा हात नाहीतर पाय अडकायचा, तार मांसात रुतायची, आणि मग हात जायचा नाहीतर जखम चिघळून जीव जायचा. शिवाय पिल्लं पकडून परदेशी झूला विकायचा धंदा होता, आणि एक पिल्लू हातात यायचं तर त्याच्यासाठी जिवावर उदार होणारे आईबाप आधी मारावे लागायचे. ३१ डिसेंबर १९७७ ला डिजिट नावाचा तिचा लाडका सिल्व्हरबॅक (पाठीवरचे केस रुपेरी झालेला वयात आलेला नर) मारला गेला, डोकं आणि हात कापून नेले. १९८१ च्या गणतीत विरुंगात उरले होते २५४. गोरिलाच्या मादीला पहिलं पिल्लू व्हायलाच दहाएक वर्षं लागतात आणि दोन पिल्लांत साधारण चार वर्षांचं अंतर, म्हणजे मेलेल्याची भरपाई व्हायला किती काळ लागत असेल याचा विचार करा. १९८५ च्या डिसेंबरात फॉसीचाही तिच्याच केबिनमध्ये खून झाला.

याच काळात दुसरा एक मार्ग सुरू झाला होता, आणि माझ्या मते खरं वळण तेच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी रवांडात पार्कमधली आणखी पाच हजार हेक्टर जमीन गुरांसाठी काढायचा बेत शिजत होता. बिल वेबर आणि एमी वेडर या अभ्यासक जोडप्याने आणि त्यांच्या सोबतच्यांनी सरकारपुढे हिशोब मांडला की गुरांपेक्षा जास्त पैसा जिवंत गोरिला आणतील, मोजकी माणसं न्या, थोडा वेळ दाखवा, भरपूर पैसे घ्या. फॉसीला पर्यटन अजिबात पटत नव्हतं आणि तिची भीती खोटी नव्हती, कारण माणसाची साधी सर्दी गोरिलाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. म्हणून तर आज एका कुटुंबाजवळ दिवसातून एकदाच, आठ जण, फक्त एक तास, अंतर ठेवून आणि मास्क लावून असे कडक नियम आहेत. रवांडात त्या एका तासाचं परमिट २०१७ पासून १,५०० डॉलर आहे आणि पार्कांच्या उत्पन्नातले दहा टक्के आजूबाजूच्या गावांना जातात.

पण पर्यटनाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं आहे रोजचं जाणं. एका कुटुंबाला माणसाची सवय व्हायला साधारण दोन वर्षं लागतात, आणि सवय झाली की ट्रॅकर रोज सकाळी चिखलातून, काटेरी झुडपांतून, पाऊस असो नसो वर चढतात, आदल्या रात्रीची घरटी शोधतात, सगळे आहेत ना मोजतात, वाटेतले फासे काढतात, कुणी आजारी किंवा जखमी असेल तर खाली कळवतात आणि मग डॉक्टर जंगलातच येऊन इलाज करतात. १९६७ ते २००८ चा डेटा एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की अशी रोज नजर असलेली कुटुंबं वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढली आणि ज्यांच्याकडे कुणी रोज जात नव्हतं ती थोडी थोडी घटत गेली. माणसाने हात काढून घेतला की निसर्ग आपोआप सावरतो असं आपण सहज म्हणतो, इथं उलट झालंय. आणि हे काम करणारी माणसं स्थानिक आहेत, त्यांची नावं बाहेर कुणाला माहीत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यात लढाया. १९९० ला रवांडात यादवी, १९९४ ला नरसंहार, मग लाखो निर्वासित काँगोतल्या गोमा शहराजवळ अगदी पार्कच्या कडेला आले आणि चुलीला लाकूड लागणारच, रोज माणसं जंगलात जायची. त्यानंतर काँगोची युद्धं. एवढ्यात गोरिला संपतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण पगार नाही, सुरक्षा नाही तरी अनेक रेंजर आणि ट्रॅकर परत कामावर गेले. विरुंगात आतापर्यंत दोनशेच्या वर रेंजर मारले गेलेत. २००७ च्या जुलैत रुगेंडो कुटुंबातला सेंक्वेक्वे हा सिल्व्हरबॅक आणि त्याच्या माद्या गोळ्या घालून मारल्या, ना मांस नेलं ना कातडी. मागे होता कोळशाचा धंदा. गोम्यातल्या घरांत स्वयंपाक कोळशावर होतो, तो पार्कमधली झाडं जाळून बनतो, आणि रेंजर त्याच्या आड येत होते. त्याच वर्षी मेलेल्या आईला बिलगलेली सापडलेली न्दाकासी पुढे अनाथ गोरिलांच्या केंद्रात वाढली आणि २०२१ मध्ये तिला वाढवणाऱ्याच्या कुशीतच गेली.

आणखी एक किंमत आहे जी या यशोगाथेत सहसा येत नाही. १९९१ मध्ये ब्विंडी नॅशनल पार्क झालं तेव्हा बात्वा लोकांना जंगलातून बाहेर काढलं. शिकार, मध, कंदमुळं यांवर जगणारी, तिथंच पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं. मेळघाटातून गावं हलवली त्यावर आपल्याकडे अजून वाद चालतो, पण तिथं पुनर्वसनाचं पॅकेज तरी होतं, बहुतेक बात्वांना तर जमिनीच्या बदल्यात जमीनही मिळाली नाही, आजही बरेच जण दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करून राहतात. गोरिलांवर माझं प्रेम आहे, पण हे लपवून ते प्रेम खरं ठरत नाही.

सध्या काँगोच्या बाजूला एम-२३ या बंडखोर गटाची लढाई पुन्हा पेटलीय, जानेवारी २०२५ मध्ये गोमा त्यांच्या ताब्यात गेलं आणि गोरिलांचा भाग तर त्याआधीपासूनच लढाईत सापडलाय. रवांडाच्या बाजूला प्रश्न जागेचा आहे. गोरिला वाढले, पार्क तेवढंच, पार्कच्या भिंतीला लागून बटाट्याची शेतं, कुटुंबं एकमेकांना जास्त भिडतात आणि त्या मारामाऱ्यांत पिल्लं मरतात. म्हणून रवांडा व्होल्कॅनोज पार्क सुमारे २३ टक्क्यांनी वाढवायच्या तयारीत आहे, हजारो कुटुंबांना हलवून. साठच्या दशकात जंगल तोडून जिथं शेती केली त्या कडेच्या पट्ट्यातूनच ही जमीन परत घ्यावी लागणार, आणि तिथली माणसं आता कुठं आणि कोणत्या अटींवर जाणार हे नीट ठरल्याशिवाय ते काम पुढे रेटू नये असं मला मनापासून वाटतं.