कोरीवकामाचे कटर

पेंटोग्राफ (नमुना गिरवून त्याची नक्कल खोदणारे यंत्र) किंवा सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रात बसवून धातू-प्लास्टिकवर अक्षरे व नक्षी खोदण्याचे फिरते हत्यार. नेहमीचा कटर एकधारी असतो. गोल सळईचे टोक मध्यरेषेपर्यंत घासून अर्धे करतात, त्याला शंकूचा उतार देतात आणि धारेच्या पाठीमागे थोडी सूट, म्हणजे मोकळी जागा, ठेवतात. सूट अपुरी राहिली की कटर कापत नाही, नुसता घासतो आणि तापतो.

नवशिका बहुधा सर्वांत टोकदार कटर उचलतो आणि तिथेच फसतो. आधी ठरवायची ती रेषेची जाडी. टोकाची रुंदी, शंकूचा पूर्ण कोन आणि खोली मिळून ती ठरते. टोक ०.१ मिमी आणि खोली ०.२ मिमी असेल, तर ३० अंशांचा कटर सुमारे ०.२१ मिमी, ६० अंशांचा ०.३३ मिमी आणि ९० अंशांचा ०.५ मिमी रेषा काढतो. पत्रा ०.०५ मिमी उंचसखल असला, तर ९० अंशांची रेषा ०.१ मिमीने कमीजास्त होते, ३० अंशांची जेमतेम ०.०३ मिमीने. मात्र अरुंद टोक चटकन मोडते.

पुण्यात हा हिशेब जास्तच जाचतो, कारण पाटी वीतभर आणि मजकूर हातभर! त्यात देवनागरी. रेषा जाड झाली की ‘श्रद्धा’मधल्या द्धच्या आणि ‘ज्येष्ठ’मधल्या ष्ठच्या पोटातली जागा बुजते. रोमन अक्षरांसाठी निवडलेला कटर तेवढ्याच उंचीच्या मराठी अक्षरांना चालेलच असे नाही.

शिकायला पितळ उत्तम, ते कोरडेही स्वच्छ कापले जाते. तांबे चिवट. ॲल्युमिनियम धारेला चिकटते, तिथे रॉकेलचा हात लागतो. स्टेनलेस स्टील घासले जाताच आणखी कडक होते, म्हणून त्याला कार्बाइडचा (पोलादाहून कठीण पदार्थाचा) रुंद कोनाचा कटर, फिरण्याचा कमी वेग आणि न थांबणारी चाल हवी. ॲक्रिलिकला कोरी धार लागते, बोथट कटरने ते वितळते.

हायस्पीड स्टीलच्या कटरला साध्या ग्राइंडरवर धार लावता येते, कार्बाइडला हिऱ्याचे चाक लागते. ज्याच्याकडे ते नाही, त्याला भोसरी-चिंचवडकडच्या टूल ग्राइंडिंगवाल्यांकडे खेपा घालाव्या लागतात.

कटरचा दांडा कोलेटच्या, म्हणजे यंत्रातल्या कटर धरणाऱ्या पकडीच्या, मापाचाच घ्यावा. ६ मिमीचा दांडा ६.३५ मिमीच्या कोलेटमध्ये दामटणे महागात पडते, कारण कटर केंद्रापासून ०.०५ मिमी सरकला तरी ०.१ मिमीचे टोक दुप्पट रुंद कापू शकते.

हिऱ्याच्या टोकाचा ‘डायमंड ड्रॅग’ फिरत नाही, ओरखडत जातो. करंडकांवरच्या पातळ पट्ट्यांना तो पुरतो. लग्नाच्या भांड्यांवर नावे घालणारे हातातले थरथरते यंत्र या नोंदीत येत नाही, ते ठिपके ठोकत जाते.

सुरुवातीला ६० अंशांचा, ०.२ मिमी टोकाचा एक कटर आणि बारीक अक्षरांसाठी ३० अंशांचा एक, एवढे पुरे. नवा कटर लावला की आधी पितळेच्या तुकड्यावर एक ‘द्ध’ कोरून पाहावा.