कोमिसिओन फेमेनिल मेहिकाना नासिओनाल

अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांची समान हक्क व नेतृत्वविकासासाठी स्थापन झालेली संघटना. ऑक्टोबर १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथील मेक्सिकन-अमेरिकन परिषदेत फ्रान्सिस्का फ्लोरेस यांच्या पुढाकाराने स्त्रियांची वेगळी बैठक झाली. तिच्या ठरावांतून ही संघटना उभी राहिली. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी चाललेल्या चिकानो चळवळीत तेव्हा निर्णय बहुधा पुरुषच घेत आणि बायकांकडे स्वयंपाक व टंकलेखन येई. गर्भपात किंवा पाळणाघराचा विषय काढणाऱ्या बाईवर ‘गोऱ्या स्त्रीवाद्यांच्या नादी लागली’ असा ठपका बसे.

संघटनेने १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला ‘चिकाना सर्व्हिस ॲक्शन सेंटर’ काढून रोजगार-प्रशिक्षण सुरू केले. मूल सांभाळायला कोणी नसेल तर प्रशिक्षणाला येणार कोण? म्हणून पुढच्याच वर्षी ‘सेंट्रो दे निन्योस’ हे द्विभाषिक पाळणाघर आले. अनुदानाचे अर्ज, जमाखर्च, नेमणुका ही कामे करता करता कार्यकर्त्या कारभारात तयार झाल्या. नुसत्या व्याख्यानांनी हे साधले नसते.

सर्वांत मोठी लढाई सक्तीच्या नसबंदीविरुद्धची. लॉस एंजेलिस काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सार्वजनिक रुग्णालयात स्पॅनिशभाषक बाळंतिणींपुढे ऐन कळांमध्ये, सिझेरियनच्या तोंडावर, संमतीपत्र धरले जाई. अनेकदा ते इंग्रजीत असे आणि हा कागद सिझेरियनचाच, अशी काहींची समजूत होई. आपली नसबंदी झाली आहे, हे काहींना फार उशिरा, दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर कळले. अशा सहीला संमती म्हणताच येत नाही. १९७५ मध्ये दहा जणींनी फेडरल न्यायालयात ‘मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन’ हा दावा लावला. वकील अँटोनिया हर्नांडेझ यांनी तो लढवला आणि संघटनाही त्यात वादी झाली. १९७८ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने गेला: न्यायाधीशांनी सारा दोष संवादातल्या गोंधळावर आणि स्त्रियांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीवर टाकला. तरीही या लढ्याच्या दबावामुळे स्पॅनिशमधील संमतीपत्रे आली, आणि सही व शस्त्रक्रिया यांत ७२ तासांचे अंतर ठेवण्याच्या नियमाची अंमलबजावणी होऊ लागली. काउंटीची जाहीर माफी यायला मात्र २०१८ उजाडले.

संघटनेच्या राष्ट्रीय अध्यक्ष राहिलेल्या ग्लोरिया मोलिना यांनी १९८२ मध्ये, वजनदार लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) पुढारी दुसऱ्या उमेदवारामागे उभे असतानाही, कॅलिफोर्निया विधानसभेची जागा जिंकली. त्या सभागृहातील त्या पहिल्या लॅटिना. पुढे १९८७ मध्ये त्या लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेवर आणि १९९१ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आल्या.